आय विल सर्व्हाइव्ह (गाणे)

‘आय विल सर्व्हाइव्ह’, म्हणजे ‘मी तगेन’, हे अमेरिकन गायिका ग्लोरिया गेनर यांनी गायलेले डिस्को गाणे. पॉलिडॉर कंपनीने ते ऑक्टोबर १९७८ मध्ये तबकडीवर काढले. गीत, संगीत आणि निर्मिती डिनो फेकॅरिस व फ्रेडी पेरेन यांची. प्रेमभंगानंतर सावरून उभे राहण्याविषयीची पॉप गाणी पुढे शेकड्यांनी आली, पण या जातीचे गाणे म्हटले की पहिले नाव याचेच निघते. त्याचे श्रेय शब्दांना दिले जाते. ते निम्मेच खरे आहे. गाण्यातील आठ कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांची) साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच राहते आणि तिच्यावरचा आवाज मात्र कडव्यागणिक बदलत जातो. परिस्थिती तीच, माणूस वेगळा, हे या चालीच्या बांधणीतच आहे.

आशय

सुरुवातीला गाणारी व्यक्ती घाबरलेली आहे. जोडीदार सोडून गेला, त्याच्याशिवाय जगता येणार नाही असे तिला वाटत होते. मग रात्रीमागून रात्री त्याने केलेल्या अन्यायाचा विचार करताना तिला बळ येत गेले. एवढे पहिल्या चार-पाच ओळींत सांगून होते, आणि तेवढ्यात तो न सांगता परत येऊन घरात उभा! इथून पुढचे सगळे गाणे त्याच्या तोंडावर म्हटलेले आहे. कुलूप बदलायला हवे होते, किल्ली परत मागून घ्यायला हवी होती, अशी अगदी घरगुती हळहळ आधी येते. मग त्याला सरळ दार दाखवले जाते. दुसऱ्या कडव्यात कोसळून न पडण्यासाठी किती ताकद लागली, किती रडणे झाले याचा हिशेब आहे. आता मान ताठ आहे आणि प्रेम राखून ठेवले आहे ते प्रेम करणाऱ्यासाठीच.

दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. पहिली, गाण्यात सूडाची भाषा नाही. त्याचे वाईट व्हावे असे कुठेही म्हटलेले नाही, ‘जा’ एवढेच म्हटले आहे. दुसरी, बोलणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे शब्दांत कुठेच येत नाही. सगळे ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात चालते. त्यामुळे पुढे हे गाणे कुणालाही आपले म्हणून गाता आले.

घडण

गेनर यांनी स्वतःच्या प्रेमभंगावर हे गाणे लिहिले, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. शब्दांची ठिणगी प्रेमभंगातून पडली नव्हती, नोकरी जाण्यातून पडली होती. फेकॅरिस मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीत पगारी गीतकार होते. सुमारे सात वर्षांनंतर त्यांना काढून टाकण्यात आले. बेकार असताना त्यांनी घरी दूरचित्रवाणी लावली, तर त्यांनीच एका चित्रपटासाठी लिहिलेले गाणे तिथे वाजत होते. तो त्यांना शुभशकुन वाटला, आणि ‘मी यातून तरेन, गीतकार म्हणून उभा राहीन’ असे म्हणत ते पलंगावर उड्या मारू लागले, अशी हकीकत त्यांनीच सांगितली आहे. पेरेनही मोटाउनमधूनच बाहेर पडलेले. जॅक्सन फाइव्ह या भावंडांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या गाण्यांमागच्या चमूत ते होते. दोघांनी गाणे रचून ठेवले आणि योग्य आवाजाची वाट पाहिली.

तो आवाज मिळाला तेव्हा गेनर यांचा काळ कठीण चालला होता. १९७५ मध्ये त्यांच्या अल्बमच्या एका बाजूवरची तीन गाणी टॉम मोल्टन यांनी मध्ये खंड न ठेवता जोडली होती, आणि नृत्यगृहांत न थांबता वाजणाऱ्या संगीताचा तो आरंभीचा नमुना ठरला. पण पुढे त्यांची लोकप्रियता ओसरली. १९७८ मध्ये न्यू यॉर्कच्या बीकन थिएटरात कार्यक्रम चालू असताना त्या रंगमंचावरच्या मॉनिटरवरून (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरवरून) मागे कोसळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेखालचे शरीर हलेना. मणक्याची शस्त्रक्रिया झाली, कित्येक आठवडे रुग्णालयात गेले. हे गाणे ध्वनिमुद्रित केले तेव्हा त्यांच्या पाठीला आधारपट्टा होता. आईच्या मृत्यूचे दुःखही मनात होतेच. दुसऱ्याचे शब्द त्यांच्या तोंडी उसने वाटत नाहीत याचे कारण इथे आहे.

उलट्या बाजूचे गाणे

पॉलिडॉरला हवे होते वेगळेच गाणे: ‘सब्स्टिट्यूट’. दक्षिण आफ्रिकेतील क्लाउट या गटाने ते नुकतेच गाजवले होते आणि कंपनीला त्याची अमेरिकी आवृत्ती काढायची होती. पेरेन यांनी निर्मिती स्वीकारली ती एका अटीवर, तबकडीची दुसरी बाजू आमच्या गाण्याची. त्या काळी एकल तबकडीच्या ‘ए’ बाजूला विकायचे गाणे असे आणि ‘बी’ बाजूला भरतीचे. गेनर स्टुडिओत आल्या तेव्हा गीताचा कागद कुणी आणलाच नव्हता, तो तपकिरी कागदावर घाईने लिहून दिला गेला. वाचताक्षणीच त्यांनी ओळखले की हे मागच्या बाजूला टाकण्याचे गाणे नव्हे. कंपनीने ऐकले नाही.

कंपनीचे दुर्लक्ष ध्वनिमुद्रणाच्या पथ्यावर पडले असावे. त्या वर्षांतल्या डिस्को तबकड्यांवर मागे गाणाऱ्या बायकांचा ताफा असे, मुख्य आवाजावर त्याच आवाजाचा दुसरा थर चढवलेला असे, आणि पट्टी चढून चमक यावी म्हणून टेपचा वेग किंचित वाढवण्याचीही पद्धत होती. इथे यातले काहीच नाही. मागे कोरस नाही. एकटी बाई गाते. एकटे पडण्याबद्दलच्या गाण्यात दहा जणींचा कोरस साथीला असता तर सगळा डावच फसला असता.

गेनर आणि पुढे त्यांचे पती झालेले व्यवस्थापक लिनवुड सायमन तबकडी घेऊन मॅनहॅटनमधल्या ‘स्टुडिओ ५४’ या नृत्यगृहात गेले. तिथले डीजे रिची काझोर यांनी उलटी बाजू लावली, नाचणाऱ्यांनी ती उचलून धरली. प्रतींचा गठ्ठा काझोर यांनी इतर डीजेंना वाटला. नृत्यगृहात ऐकलेले लोक रेडिओ केंद्रांकडे फर्माइश करू लागले, तेव्हा कंपनीला बाजू बदलावी लागली. नृत्यगृहांसाठी सुमारे आठ मिनिटांची बारा इंची तबकडीही होती. बारा इंचांवर खाचांना जागा जास्त मिळते, त्यामुळे खर्ज आणि ड्रमचा ठोका दणदणीत कोरता येतो. रेडिओवर वाजणारी आवृत्ती तीन मिनिटांच्या थोडी वर आहे.

चाल, कॉर्ड आणि ठेका

पट्टी ए मायनर, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सहा. वेग मिनिटाला सुमारे ११७ ठोके. एका कॉर्डला चार मात्रा, आठ कॉर्ड, म्हणजे ३२ मात्रांचे आवर्तन, आणि त्याला साधारण साडेसोळा सेकंद लागतात. क्रम असा: ए मायनर, डी मायनर, जी, सी मेजर सेव्हन, एफ मेजर सेव्हन, बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, ई सस्पेंडेड फोर, ई.

पांढरी सहा हा सा धरला तर स्वर आसावरी थाटाचे: गंधार, धैवत, निषाद कोमल. कॉर्डचा मूळ स्वर दरवेळी चौथ्या स्वरावर उडी घेतो: सा वरून म, म वरून कोमल नी, तिथून कोमल ग, तिथून कोमल ध. पुढची रे वरची उडी अर्ध्या स्वराने मोठी आहे, नाहीतर चाल थाटाबाहेर गेली असती. मग प, आणि प वरून पुन्हा सा. मधल्या जी आणि सी या कॉर्डवर क्षणभर ऊन पडल्यासारखे वाटते आणि लगेच चाल परत मायनरच्या सावलीत येते.

शेवटच्या आठ मात्रा सर्वांत महत्त्वाच्या. सस्पेंडेड कॉर्डचे स्वर प, सा, रे. पुढच्या ई कॉर्डमध्ये प आणि रे जागेवरच राहतात, फक्त सा अर्धा स्वर उतरून शुद्ध निषादावर येतो. सबंध आवर्तनात शुद्ध नी एवढ्या एकाच ठिकाणी लागतो. तो लागला की कानाला सा हवाच होतो, आणि समेवर ए मायनर आला की तो मिळतो. ओढ, सुटका, पुन्हा ओढ, असे हे चक्र दर साडेसोळा सेकंदांनी फिरते. कडव्याला आणि धृपदाला वेगळे कॉर्ड नाहीत.

चढत जाते ती वाद्ययोजना. सुरुवातीला पियानोवरची एक सरसर लहर, मग जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. ठेका पूर्ण भरात येतो तो सोडून गेलेला माणूस परतून येतो तेव्हा: प्रत्येक मात्रेला बास ड्रम, मधल्या अर्ध्या मात्रांना उघडी हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी). मग बास गिटारची चाल आणि व्हायोलिनचे ताफे थरावर थर चढतात.

गाताना आणि वाजवताना होणाऱ्या चुका

गाणे चार ओळींत पाठ होते म्हणून सोपे समजले जाते, आणि कराओकेत तिथेच घात होतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पहिल्या ओळीपासून जोर लावणे. धृपदाला नवे कॉर्ड नसल्याने तिथे चाल आपोआप उंच होत नाही, फरक आवाजानेच दाखवावा लागतो. आधीच सगळा जोर खर्च झाला तर पुढे ओरडणे तेवढे उरते. पहिले कडवे निम्म्या आवाजात, शब्द नीट ऐकू येतील असे म्हणावे. सुरुवातीला ठेका मोकळा असल्याने मात्रा मनात मोजाव्या लागतात. नाहीतर ड्रम सुरू होतात तेव्हा गायक एक-दोन मात्रा पुढे किंवा मागे सापडतो.

कुलूप आणि किल्लीच्या ओळींत अक्षरे दाटीवाटीने येतात. त्यांच्या आधीच्या फटीत पूर्ण श्वास घेतला नाही तर ओळीचा शेवट गिळला जातो. वाद्यवृंद उत्साहात वेग १२५-१२८ पर्यंत नेतात. आवर्तन सेकंद-दीड सेकंदाने आखडते, आणि तेवढ्यानेच या ओळी बोबड्या होतात. मेट्रोनोम (ठोके मोजून देणारे यंत्र) ११६-११८ वर ठेवावा.

की-बोर्ड वाजवणारे सहावा कॉर्ड साधा बी मायनर वाजवतात. त्यात शुद्ध धैवत येतो. आधीच्या एफ कॉर्डमध्ये नुकताच कोमल धैवत ऐकलेला असल्याने कान दचकतो. अवघड वाटत असेल तर रे, म, कोमल ध एवढे तीन स्वर दाबावेत, काम भागते. सस्पेंडेड वगळून आठही मात्रा नुसता ई वाजवणे ही दुसरी काटछाट. त्याने सूर चुकत नाही, पण सा वरून नी वर उतरण्यातली कळ निघून जाते. पट्टी बदलायची तर आठही कॉर्ड सारख्याच अंतराने हलवावेत: काळी एक गाणाऱ्याला ते चार अर्धे स्वर वर, पांढरी पाच गाणाऱ्याला दोन अर्धे स्वर खाली.

यश आणि डिस्कोविरोधी लाट

अमेरिकेच्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणे १० मार्च १९७९ च्या आठवड्यात पहिले आले. एकूण तीन आठवडे ते तिथे होते, पण सलग नाही. मध्ये बी जीज या गटाच्या ‘ट्रॅजेडी’ने दोन आठवडे ती जागा घेतली. ब्रिटनमध्ये मात्र ते सलग चार आठवडे पहिले राहिले. न्यू यॉर्कच्या झेनॉन नृत्यगृहात चाकांच्या बुटांवर नाचणाऱ्या तरुणीचे चित्रीकरण त्याच्या व्हिडिओत दिसते.

त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. डिस्कोवरचा हा राग कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांच्या संगीतावरचाही होता, हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. फेब्रुवारी १९८० मध्ये गाण्याला सर्वोत्कृष्ट डिस्को ध्वनिमुद्रणाचे ग्रॅमी मिळाले. हा पुरस्कार त्या एकाच वर्षी दिला गेला, पुढच्या वर्षापासून तो विभागच बंद झाला.

२०१२ मध्ये ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये आणि २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतनासाठी ठेवलेल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत त्याचा समावेश झाला.

पुढची रूपे

एड्सच्या साथीच्या वर्षांत अमेरिकेतील समलिंगी समाजाने हे गाणे आपले मानले. ज्यांच्या मित्रांची एकामागून एक प्रेते निघत होती त्यांच्यासाठी ‘मी तगेन’ हे शब्द प्रेमभंगापुरते राहिले नव्हते.

इतर गायकांनीही ते आपापल्या परीने गायले. बिली जो स्पिअर्स यांनी १९७९ मध्येच त्याला कंट्री वळण दिले. डायना रॉस यांचे ध्वनिमुद्रण १९९५ चे. शँटे सॅव्हेज यांनी १९९६ मध्ये वेग बराच उतरवला. त्यात रागापेक्षा थकवा जास्त ऐकू येतो, आणि चालीत दुःख किती आहे ते तिथेच कळते. केक या रॉक गटाने त्याच वर्षी निर्विकार आवाजात, एक शिवी घालून गायलेली आवृत्ती गेनर यांना त्या शिवीमुळे आवडली नाही.

नेदरलँड्सच्या हर्मीस हाउस बँडची आवृत्ती १९९८ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या फुटबॉल संघाने आपली केली. व्हायोलिनच्या सुरावटीवर ‘ला ला ला’ म्हणणारी गर्दी फ्रान्समध्ये अजून त्या विजयाची आठवण काढते. अंतिम सामनाही १२ जुलैचाच, शिकागोच्या त्या स्फोटानंतर बरोबर एकोणीस वर्षांनी.

गेनर १९८० च्या दशकात ख्रिस्ती श्रद्धेकडे वळल्या आणि कार्यक्रमांत बळ देणाऱ्या देवाचा उल्लेख गाण्यात घालू लागल्या. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या ‘टेस्टिमनी’ या भक्तिगीतांच्या अल्बमला ग्रॅमी मिळाले, पहिल्या ग्रॅमीनंतर चाळीस वर्षांनी. दोनच महिन्यांनी कोविडची साथ पसरली. हात किमान वीस सेकंद धुवावेत असे सांगितले जात होते. गेनर यांनी नळाखाली हात धरून धृपद गात असल्याचा व्हिडिओ टाकला आणि लोकांनी तो उचलला. हिशेबही जवळपास जुळतो: बत्तीस मात्रांचे एक आवर्तन पूर्ण करून पुढच्याचे दोन कॉर्ड होईपर्यंत नळ चालू ठेवायचा.