पार्श्वभूमी : शकुंतला का थांबली?

दारव्हा मोतीबाग, कारंजा, बनोसा, अंजनगाव. शकुंतला या अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेगाडीची वऱ्हाडातली ही स्थानकं. ती उभी राहिली कापसामुळे.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इथल्या काळ्या मातीवर खिळली. 1867 पर्यंत मुंबई-नागपूर मोठी लाइन झाली. पण यवतमाळ, दारव्हा, अचलपूर तिच्यापासून दूर. तिथला कापूस बैलगाड्यांतूनच निघायचा. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने अडीच फुटी रूळ टाकले : मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत 113 किलोमीटर, अचलपूरपर्यंत 76. जिनिंग-प्रेसिंगमधल्या गाठी छोट्या डब्यांतून मूर्तिजापूरला यायच्या, तिथे उतरवून मोठ्या लाइनच्या वाघिणीत भरायच्या आणि मुंबई बंदराकडे जायच्या.

गाडी कापसासाठी आली खरी, पण ती आपलीशी केली गोरगरिबांनी. शकुंतला हे नाव लोकांचंच. 1921 साली मँचेस्टरमध्ये घडलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला 1994 पर्यंत ओढलं, मग डिझेल आलं. फाटकावर गेटमन नसायचा. गाडी थांबायची, तिच्यावरचाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून परत चढायचा. इतक्या सावकाश चालणाऱ्या गाडीवर लोकांनी जीव लावला, कारण तिचं तिकीट मजुराच्या खिशाला परवडायचं.

मोडलं ते मालकीत. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी हे रूळ कंपनीचेच राहिले. पुढे कंपनी भारतीयांच्या हाती गेली, त्यामुळे ‘अजून इंग्रजांची गाडी’ हे तिचं केलं जाणारं वर्णन तितकंसं खरं नाही. पण रूळ कंपनीचे आणि गाडी भारतीय रेल्वेची, ही रचना कायम राहिली आणि डागडुजी त्यातच रखडली. रूळ खचत गेले, वेग उतरत गेला. गेल्या दशकात आधी यवतमाळकडची, मग अचलपूरकडची गाडी थांबली. या विलंबाची किंमत ज्यांच्याकडे दुसरं वाहन नव्हतं त्यांनी मोजली, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग होतो आहे. 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे दारव्ह्यालाही तो जाणार आहे. कारंजा, बनोसा आणि अंजनगाव मात्र त्या मार्गावर नाहीत.