बदलीच्या आदेशामागचा इतिहास

इंदूरमधील एका सरकारी बँकेतल्या मुख्य व्यवस्थापक बाईंची डिसेंबर 2017 मध्ये जबलपूर जिल्ह्यातील सरसवा शाखेत बदली झाली. त्यांचा हुद्दा स्केल चारचा, आणि त्या शाखेला एरवी स्केल एकचा, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीचा अधिकारी पुरत असे. मद्य-ठेकेदारांच्या खात्यांतील अनियमिततेबद्दल त्यांनी वरिष्ठांना वारंवार लिहिले होते. लैंगिक छळाची तक्रारही याच प्रकरणात होती. चौकशी समितीतील तथाकथित स्वतंत्र सदस्य बँकेच्याच पॅनेलवरील, म्हणजे बँकेची कामे घेणारी वकील निघाली. उच्च न्यायालयाने बदली रद्द केली आणि 25 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, हा सूडाचा प्रकार आहे असे मानून, त्यांना किमान वर्षभरासाठी इंदूरला परत आणण्याचा आदेश दिला.

समितीत बाहेरची व्यक्ती का हवी, याचे उत्तर बरेच मागे जाते. जयपूरजवळच्या भटेरी गावात ‘साथिन’ म्हणून शासनाचे काम करणाऱ्या एका बाईने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणून 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम शासनाचे, मग ते करताना आलेल्या संकटाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न घेऊन महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 रोजी न्या. जगदीश शरण वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. भूपिंदरनाथ किरपाल यांनी ‘विशाखा’ निकाल दिला आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत कायदा होईपर्यंत पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तक्रार समितीची प्रमुख महिला असावी, किमान निम्मे सदस्य महिला असाव्यात आणि वरून दबाव येऊ नये म्हणून त्रयस्थ सदस्य घ्यावा, हे त्यांतच होते. पुण्याच्या मेधा कोटवाल-लेले यांच्या याचिकेवर 2012 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, यावरून ही तत्त्वे किती पाळली गेली ते कळते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 मध्ये आला आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला लागू झाला. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार आणि नव्वद दिवसांत चौकशी, अशी त्याची मुदत आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार महिलेच्या लेखी विनंतीवरून तिची किंवा समोरच्याची बदली सुचवता येते. म्हणजे बदली ही तिच्या सोयीसाठी ठेवलेली तरतूद आहे. आपल्याकडे मात्र “कशाला वाढवायचं, बदली मागून घे” हा सल्ला घरातलीच माणसे आधी देतात, आणि मग कार्यालयालाही तोच मार्ग सोयीचा वाटतो.

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास साड्यांच्या दुकानांत पाच-सहा जणी काउंटरवर उभ्या असतात. तिथे बदली नसते, नोकरी असते किंवा नसते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणची, तसेच खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मालकाच्या गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या मुलीला ही समिती कोणत्या इमारतीत बसते हे सांगणारा फलक दुकानात सहसा दिसत नाही.