संधिशोथ

संधिशोथ : सांध्याचे अस्तर, कूर्चा किंवा लगतच्या ऊती बिघडून वेदना, सूज व ताठरपणा आणणाऱ्या शंभराहून अधिक विकारांचे सामुदायिक नाव. बोलीत सरसकट संधिवात. इंदूरच्या मराठी घरांत हिंदीच्या सहवासाने ‘गठिया’ हा शब्द रुळला असून तो गाउटपासून (यूरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचून होणारा विकार) झिजलेल्या गुडघ्यापर्यंत कशालाही लावतात. त्यामुळे ‘गठिया आहे’ एवढ्याने निदान होत नाही.

हा गोंधळ जुना आहे. चरकसंहितेतील संधिगत वात अस्थिसंधिशोथाशी (सांध्यांची झीज), तर वातरक्त गाउटशी बरेचसे जुळते. आमवाताचे स्वतंत्र प्रकरण माधवनिदान या आयुर्वेदीय रोगनिदानाच्या ग्रंथात (सामान्यतः ७वे–८वे शतक) येते. अनेक अभ्यासक आमवात म्हणजे संधिवाताभ (ऱ्हुमॅटॉइड) संधिशोथ असे समीकरण मांडतात. मात्र तेथील ताप, विंचू डसल्यासारखी वेदना व हृद्ग्रह (हृदय जखडल्यासारखे वाटणे) ही लक्षणे पाहता त्यात संधिज्वरही (ऱ्हुमॅटिक ताप) सामावला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. यूरोपात संधिवाताभ संधिशोथाचे फ्रेंच वैद्य लांद्रे-बोव्हे यांनी केलेले वर्णन १८०० चे, तर ब्रिटिश वैद्य गॅरड यांनी रूढ केलेले त्याचे नाव १८५९ चे आहे.

प्रौढांत प्रकार ओळखताना घड्याळ कामी येते. अस्थिसंधिशोथात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो; दुखणे जिना, उकिडवे बसणे अशा वापराने वाढते. संधिवाताभ प्रकारात तो तासभर वा अधिक टिकतो. दोन्ही हातांच्या बोटांची मुळे, मधली पेरे व मनगटे सुजतात, नखाजवळची पेरे बहुधा सुटतात. बांगडी चढत नाही, कणीक मळताना मूठ वळत नाही, बोटांच्या मुळांशी आडवे दाबले की कळ येते. या प्रकारासाठी रक्तात तपासले जाणारे ऱ्हुमॅटॉइड घटक हे प्रतिपिंड क्षयरोगात, यकृतशोथ-सी (हेपॅटायटिस-सी) मध्ये व निरोगी वृद्धांतही सापडतो, म्हणून केवळ अहवालावर औषध सुरू करू नये. या प्रकारावरील मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास अस्थिमज्जा दबून जीवावर बेतते.

गाउटचा झटका बहुधा रात्री, पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतो. ऐन झटक्यात रक्तातील यूरिक आम्ल प्राकृत दिसू शकते, त्यामुळे ते नंतर पुन्हा मोजतात. खात्रीचे निदान सांध्यातील द्रवात सुईसारखे स्फटिक दिसल्यावर होते. चाळिशीच्या आत सुरू झालेली, विश्रांतीने वाढणारी व चालल्याने हलकी होणारी कंबरदुखी कणासंधिशोथ (पाठीच्या कण्याचा संधिशोथ) सुचविते. सोरायसिसजन्य प्रकारात नखांवर खळगे पडतात. एकच सांधा तापासह लाल व गरम झाला, तर जंतुसंसर्ग गृहीत धरून त्याच दिवशी द्रव काढून तपासावा.

१६ वर्षांच्या आत सुरू होऊन ६ आठवडे टिकलेल्या, अन्य कारण न सापडलेल्या संधिशोथास बाल अज्ञातहेतुक संधिशोथ म्हणतात. प्रचलित वर्गीकरणात त्याचे ७ गट आहेत. बहुतेक मुलांत ऱ्हुमॅटॉइड घटक आढळत नाही. मूल ‘दुखते’ म्हणेलच असे नाही. ते सकाळी लंगडते आणि दुपारी खेळते. सायंकाळी दोन्ही पाय दुखणे, सूज नसणे व सकाळी ठीक असणे ही मात्र साधी वाढीची दुखणी होत. रात्री झोपेतून उठविणारी हाडदुखी, फिकटपणा व ताप असल्यास स्टेरॉइड देण्यापूर्वी रक्ताचा कर्करोग वगळावा लागतो. स्टेरॉइडने तो काही काळ झाकला जातो. सुरुवातीच्या ६ महिन्यांत ४ किंवा कमी सांधे धरणारा गट लहान मुलींत अधिक आढळतो. त्यात डोळ्याच्या आतील दाह डोळा लाल न होता, न दुखता वाढतो. म्हणून अशा मुलांचे डोळे साधारण दर ३ महिन्यांनी स्लिट लॅम्पखाली (डोळ्याचा आतील भाग मोठा करून दाखविणारे उपकरण) तपासतात.