पत्र आलं, पण फेलोशिपचं की ग्रँटचं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या वर्षी पेढे वाटले. "लेकाला ग्रँट मिळाली गं, आता दोन वर्षं बघायला नको." लेक विद्यापीठात समाजशास्त्रात पीएचडी करतो आणि संध्याकाळी बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. पेढा माझ्या तोंडात असतानाच त्याने सांगितलं की शिकवण्या त्याने आजपासून बंद केल्या. मी पत्र बघायला मागितलं.

"बघा ना ताई, १ लाख २० हजार. मंजूर म्हणून लिहिलंय."

पत्र दोन पानी होतं. पहिल्या पानावर अभिनंदन आणि रक्कम. दुसऱ्या पानावर एक तक्ता: प्रवास, मुलाखती उतरवून घेण्याचा खर्च, झेरॉक्स आणि स्टेशनरी, किरकोळ. निम्मी रक्कम आता, निम्मी पहिल्या हप्त्याचा हिशेब मंजूर झाल्यावर. त्या तक्त्यात दूध, भाजी, लाइटबिल यांची ओळ कुठेच नव्हती.

चूक त्याची एकट्याची नाही. आपल्याकडे बाहेरून आलेल्या पैशाला सरसकट 'स्कॉलरशिप' म्हणतात, गुजराती पेपरात बरेचदा 'सहाय' एवढंच येतं, आणि सरकारी मराठीतले अधिछात्रवृत्ती आणि अनुदान हे शब्द घरात कोणी उच्चारत नाही. पण फेलोशिप आणि ग्रँट या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. फेलोशिप माणसाला मिळते, ग्रँट कामाला. फेलोशिप देणारा म्हणतो, तू नोकरीच्या मागे न लागता अभ्यास कर, तुझ्या पोटाचं आम्ही बघतो. पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. त्यातून तुम्ही तांदूळ घेतले की चपला, हे कोणी विचारत नाही. विचारतात एवढंच, की अजून संशोधन करताय ना? ग्रँट देणाऱ्याला तुमच्या पोटाशी कर्तव्य नसतं. त्याला ठरलेलं काम ठरलेल्या खर्चात झालेलं बघायचं असतं, आणि बिलं हवी असतात.

बडोद्याच्या माणसाला हे समजवायला लांब जावं लागत नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा ११.५० पौंड, तीन वर्षांसाठी, दिले. आजच्या भाषेत ती फेलोशिप. पैसे माणसावर लावले होते. बदल्यात करार असा, की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते त्या करारानुसार इथे आलेही, आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हे कमाटीबागेतल्या ज्या झाडाखाली ते तेव्हा बसले होते, त्याखालून जाताना आठवतंच. याच महाराजांनी सयाजी साहित्यमालेसाठी २ लाख रुपयांचा निधी ठेवला, त्याच्या व्याजातून मराठी-गुजराती पुस्तकं निघाली. ती ग्रँटची रीत. लेखक कुठे राहतो, काय खातो, हा तिथे प्रश्न नव्हता, पुस्तक निघालं पाहिजे.

आता आजचे आकडे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, ही सगळ्यांना माहीत असलेली फेलोशिप. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये. मग समितीसमोर कामाचा आढावा झाला की एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) म्हणून ४२,०००. सगळी मिळून पाच वर्षं. घरभाडे भत्ता वेगळा, मात्र विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये राहिलात तर तो नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात. वयाची अट ३० वर्षं, बायकांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. जून २०२४ पासून नेटच्या निकालात नुसती 'पीएचडी प्रवेशासाठी पात्र' अशीही एक पायरी आली आहे. तिच्यावर प्रवेश मिळतो, पैसा नाही. निकालाच्या दिवशी पेढ्यांची ऑर्डर देण्याआधी ती ओळ नीट वाचावी.

जेआरएफ हुकली तर गुजरात सरकारची 'शोध' योजना आहे. गुजरातमधल्या विद्यापीठात पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्यांना दरमहा १५,००० आणि वर्षाला २०,००० इतर खर्चासाठी, दोन वर्षं. आमच्या विद्यापीठातली बरीच मुलं यावरच तगतात. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरची डॉक्टरल फेलोशिप, इतिहासासाठी आयसीएचआरची. दोन्ही केंद्राच्या संशोधन परिषदा.

इथे बडोदेकर मराठी माणसाचा एक खास खड्डा आहे. पुण्याची आत्या व्हॉट्सअॅपवर बातमी पाठवते, सारथीची फेलोशिप निघाली, बार्टीची निघाली, महाज्योतीची निघाली. मुलं रात्रभर जागून फॉर्म भरायला घेतात. या तिन्ही महाराष्ट्र सरकारच्या संस्था, आणि त्यांच्या योजनांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. आपण घरात मराठी बोलतो, आडनाव मराठी, दारावर गुढी उभारतो, पण चार पिढ्या बडोद्यात असलो तर कागदावर आपण गुजरातचे. आत्याला वाईट वाटू न देता फॉर्म बंद करावा. तसंच, केंद्रीय विद्यापीठांतल्या नेट नसलेल्या पीएचडीवाल्यांना मिळणारे दरमहा ८,००० आपल्याकडे मिळत नाहीत, कारण सयाजीराव विद्यापीठ राज्य विद्यापीठ आहे.

इथवर फरक सरळ आहे. गोंधळ पुढे आहे, कारण या दोन गोष्टी एकमेकींच्या पोटात शिरून बसतात.

जेआरएफच्या आत एक छोटी ग्रँट असते. तिला कंटिन्जन्सी म्हणतात. मानव्यशाखेत पहिली दोन वर्षं वर्षाला १०,०००, पुढे २०,५००. विज्ञानात १२,००० आणि पुढे २५,०००. महिन्याचे ३७,००० बिनहिशेबी तुमचे, पण या दहा हजारातला प्रत्येक रुपया बिलावर. त्यातून पुस्तकं, झेरॉक्स, फिल्डवर्कचा प्रवास चालतो. फ्रिज चालत नाही. (विचारणारे भेटले आहेत.)

उलट, प्रत्येक मोठ्या ग्रँटच्या आत एक छोटी फेलोशिप असू शकते. एखाद्या सरांना विज्ञानाचा प्रकल्प मंजूर होतो, साधारण तीन वर्षांचा, आणि त्याच्या बजेटमध्ये एका माणसाचं मानधन असतं. त्या पदाचं नावही जेआरएफ! जाहिरात निघते, मुलाखत होते, रक्कमही पुष्कळदा तेवढीच. घरी सांगितलं जातं, "जेआरएफ झाली." पण ही जेआरएफ सरांच्या प्रकल्पाची आहे, तुमची नाही. प्रकल्प संपला की ती संपली, सर दुसऱ्या विद्यापीठात गेले तर प्रश्नच. पीएचडीला नियमाप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. तीन वर्षांच्या प्रकल्पात तुम्ही दुसऱ्या वर्षी शिरलात तर थिसिस लिहायच्या ऐन वेळेला खिसा रिकामा होतो. माझ्या मते अशी जागा घ्यावी, पण घेतलेल्या दिवसापासून नेटचा अभ्यास सोडू नये. नेटमधून मिळालेली जेआरएफ तुमच्या नावावर असते. गाइड बदलला तरी रीतसर कागद करून ती तुमच्याबरोबर येऊ शकते.

फेलोशिपची डोकेदुखी वेगळी. दर महिन्याला विद्यापीठाकडून पोर्टलवर 'हा विद्यार्थी काम करतो आहे' अशी खातरजमा जावी लागते. एक जण भरतो, दुसरा तपासतो. माझ्या वेळी आमच्या इथला भरणारा माणूस मुलीच्या लग्नाला गावी गेला आणि त्या महिन्याचे पैसे तीन महिन्यांनी आले. तेव्हापासून सांगते, पहिल्या फेलोशिपमधून आधी दोन महिन्यांचं भाडं बाजूला काढायचं, मग मोबाइल.

ग्रँटची डोकेदुखी मात्र मी जास्त सोसली आहे. माझा विषय गायकवाडी कारभाराचा, कागद कोठी या जुन्या सरकारी इमारतीतल्या दफ्तरात, मोडीत. नकला घ्यायच्या, मोडी वाचणाऱ्या आजोबांकडून लिप्यंतर करून घ्यायचं, यासाठी एका संस्थेची छोटी ग्रँट मिळाली. उत्साहाच्या भरात मी मंजुरीच्या पत्राच्या बारा दिवस आधीच नकला काढून घेतल्या. ३,४०० रुपयांचं बिल परत आलं, त्यावर लाल पेनने एकच गोल, तारखेभोवती. मंजुरीच्या तारखेआधीचा खर्च चालत नाही. आजोबांकडे छापील बिलबुक नव्हतं, त्यांनी पाटीवर लिहावं तसं वहीच्या कागदावर लिहून दिलं. ते मात्र चाललं, कारण पाच हजारांवरची रक्कम म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर त्यांची सही घेतली होती. शेवटी सगळ्याची फाइल, पैसे ठरलेल्या कामालाच लागले असं सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रासकट. त्या प्रमाणपत्राला सगळे यूसी म्हणतात, आणि ते जाईपर्यंत दुसरा हप्ता येत नाही. म्हणजे दुसऱ्या हप्त्याचं काम आधी स्वतःच्या पैशाने. पैसे नसलेल्या मुलाला ग्रँट सर्वात जड जाते ती इथे.

शोधायची वेळही वेगळी. फेलोशिप प्रवेशाच्या आधी किंवा पहिल्या वर्षात शोधायची. वय आणि नोंदणीची तारीख दोन्ही तुमच्या विरुद्ध पळत असतात. ग्रँट विषय पक्का झाल्यावरच, कारण 'कोणत्या गावात, किती दिवस, किती मुलाखती' हे सांगता आलं नाही तर अर्ज पोकळ दिसतो. परदेशी परिषदेत पेपर मंजूर झाला तर विज्ञानवाल्यांसाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं प्रवास साहाय्य, तेही ग्रँटच. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल मात्र नावाप्रमाणे फेलोशिप: इथे पीएचडीला नोंदणी असलेल्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत.

दोन फेलोशिप एकदम घेता येत नाहीत. हमीपत्रच लिहून घेतात. पण फेलोशिप चालू असताना प्रवासाची ग्रँट बहुतेक ठिकाणी चालते, कळवून घेतली तर. आणि पूर्णवेळ फेलोशिपच्या अटींत दुसरीकडून पगार घ्यायचा नाही, हे असतंच. त्यामुळे काकूंच्या लेकाचं उलटंच झालं होतं. फेलोशिप असती तर शिकवण्या सोडाव्या लागल्या असत्या. त्याच्या ग्रँटच्या पत्रात शिकवण्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सगळ्यांना फोन केले. चार मुलं तोवर दुसऱ्या क्लासला गेली होती. 'शोध'चा फॉर्म त्याने पुढच्या फेरीत भरला. मार्चमध्ये तो पहिल्या हप्त्याच्या हिशेबाची पिशवी घेऊन वर आला, छोटा उदेपूरच्या एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा. ती मशीनमधून निघणारी तिकिटं, त्यांची शाई उन्हाळ्यात उडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढायची असते, हे मी त्याला सांगायला विसरले होते. अकरा तिकिटं कोरी निघाली. आम्ही दोघं खिडकीशी बसून एकेक उजेडात तिरकं धरून तारीख वाचत होतो, आणि काकू खालून विचारत होत्या, चहा वर पाठवू का.