रिपोर्ट नॉर्मल, तरी आंग ठणकते

"डॉक्टरसाहेब, सारं आंग ठणकते. रातभर डोया लागत नाही. एक बाटली लावून द्या."

कापसाची वेचणी आटोपली की यवतमाळकडच्या दवाखान्यांत हे गाऱ्हाणं हमखास ऐकू येतं. मावशी साठीच्या; काका गेलेले, पोरगा पुण्याला. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ईसीजी सगळं ठीक निघतं (हे तपासायलाच हवं, विशेषतः छातीत दुखत असेल तर). मग "काही नाही झालं, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवणी.

मला हे 'काही नाही' पटत नाही. रानडुकरांच्या भीतीनं शेतकरी रात्री जागलीला जातो, तसं एकट्या पडलेल्या माणसाचं शरीर जागलीवर बसतं. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. चार दिवसांची गोष्ट असेल तर ठीक. महिनोन्‌महिने चाललं की यंत्रणेचा ताल बिघडतो, इंटरल्युकिन-6 सारखी दाह वाढवणारी रसायनं रक्तात वाढू शकतात. मान-पाठीचे स्नायू आखडतात, पोट बिघडतं, झोप तुटक होते. झोप मोडली की तेच दुखणं जास्त जाणवतं, आणि दुखण्यानं पुन्हा झोप मोडते.

2003 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर यांनी माणसांना संगणकावर चेंडूफेकीचा खेळ दिला आणि मध्येच त्यांच्याकडे चेंडू येणं बंद केलं. वगळलं गेल्यावर मेंदूचा जो भाग जागा झाला, तो शारीरिक वेदनेतही जागा होतो. अर्थात तो भाग इतरही कामं करतो, त्यामुळे फार ताणू नये.

आता ती बाटली. 500 मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजची असेल तर 25 ग्रॅम साखर, म्हणजे एका भाकरीइतकीही ताकद नाही. तरी मावशींना बरं वाटतं, आणि ते ढोंग नसतं. 'आता बरं वाटेल' ही अपेक्षाही वेदना कमी करते. शिवाय दोन तास खाटेजवळ कुणीतरी असतं. माझ्या मते निम्मा गुण त्याचाच.

असा माणसाचा आधार गावातच देता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पानं गावातल्याच माणसांना समुपदेशन शिकवलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे 4.3 टक्के होते, ते दीड वर्षात 27.2 टक्के झाले.

माझ्या ओळखीच्या एक आशाताई बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारतात, "मावशी, जेवता कोनासंग?"

"कोनासंग म्हंजे? टीव्ही असते न सुरू."