संप्रदाय आणि बुवाबाजी

इंग्रजीतल्या ‘कल्ट’ला, म्हणजे माणसाला मुठीत ठेवणाऱ्या बुवाच्या दरबाराला, मराठीत सरसकट ‘पंथ’ म्हणतात, ते बरोबर नाही. वारकरी, महानुभाव, नाथ हेही पंथच आहेत आणि मराठवाड्याशी त्यांचे जुने नाते आहे. संख्या कमी, आचार वेगळा किंवा गुरू एकच, एवढ्यावरून कुठलाही मेळा कल्ट ठरत नाही. प्रश्न विचारणाऱ्याशी आणि सोडून जाणाऱ्याशी तो कसा वागतो, यावरून ठरतो.

महानुभावांचेच पाहा. 13व्या शतकात चक्रधरस्वामींचे अनुयायी घरदार सोडून गोदाकाठी फिरले. पुढे पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत गेले. वरवर सगळी लक्षणे संशयाचीच. पण चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ उघडला की शिष्य स्वामींना सतत काहीतरी पुसताना दिसतात. त्यांची शिष्या महदाइसा तर पुसतच राहते, आणि स्वामींना तिच्या जिज्ञासेचे कौतुक आहे. बुवाच्या दरबारात मात्र गुण का आला नाही म्हणून विचारले, की ‘तुझीच श्रद्धा कमी पडली’ हे उत्तर ठरलेले.

दुसरी खूण परतीच्या वाटेची. दौलताबादच्या जनार्दनस्वामींनी आपले शिष्य एकनाथ यांना पैठणला परत जाऊन संसार करायला सांगितले, असे परंपरा सांगते. एखाद्या साली वारी चुकली, तर दिंडीतले फार तर ‘औंदा आला नाहीस?’ म्हणतात. बुवाबाजीत याच्या उलट घडते. आधी ‘घरच्यांचीच बाधा आहे’ म्हणून नाती तुटतात, मग सोने आणि सातबारा दरबाराकडे सरकतो. फळीवरच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या जागी अंगाऱ्याच्या पुड्या आल्या, की घरच्यांनी तेव्हाच सावध व्हावे. याचे टोक दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात, जिम जोन्स या अमेरिकी धर्मगुरूच्या जोन्सटाउन वस्तीत दिसले: 18 नोव्हेंबर 1978 रोजी तिथे लहान मुलांसह 900हून अधिक माणसे जिवाला मुकली.

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा श्रद्धेला हात लावत नाही. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा त्याने स्पष्टपणे वगळली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवणे, चमत्काराच्या दाव्याने फसवणे हे मात्र गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे. कायद्याला कृत्य दिसते, मनावरची पकड दिसत नाही. म्हणून राजीखुशीने जमीन लिहून देणाऱ्या माणसापुढे तो बहुधा तोकडा पडतो.