लेक्टिन म्हणजे रक्षक, हे समीकरण कुठून आले?

लेक्टिन म्हणजे शर्करेला धरणारे प्रथिन, आणि माशांत ते रोगजंतूंपासून रक्षण करते अशी समजूत आहे. एरंडाच्या बियांच्या अर्काने तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, हे १८८८ मध्ये दिसले. १९५४ मध्ये ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून लेक्टिन हे नाव पडले. मासेही यात लवकर आले: ईलच्या रक्तद्रवाने मानवी ‘ओ’ गटाच्या पेशी गोळा होतात. १९८० च्या व्याख्येने तर गुठळ्या करणे ही अटच घातली, म्हणजे रेणूवर शर्करेसाठी निदान दोन जागा हव्यात. पुढे ही अट सैल झाली.

खरा घोळ ‘सी-टाइप’ या शब्दाचा. १९८८ च्या वर्गीकरणात शर्करा धरायला कॅल्शियम लागणाऱ्या प्राणिज लेक्टिनांना हे नाव मिळाले. मग माशांचे जनुकक्रम भराभर हाती आले आणि तशी घडण दिसली की जनुकावर ‘सी-टाइप लेक्टिन’ ही चिठ्ठी लागू लागली, प्रथिन हातात न घेताच. प्रथिनाच्या क्रमात ग्लुटामेट-प्रोलिन-ॲस्पॅराजिन ही तीन अमिनो आम्ले असतील तर ते मॅनोज ही शर्करा धरते, ग्लुटामिन-प्रोलिन-ॲस्पार्टेट असतील तर गॅलॅक्टोज, असा ठोकताळा आहे. माशांत ही तीन अक्षरे अनेकदा बदललेली असतात आणि कधी कॅल्शियमची जागाच नसते. हेरिंगच्या रक्तातले बर्फरोधक प्रथिन याच घडणीचे आहे, पण ते चिकटते बर्फाच्या स्फटिकाला. त्यामुळे नुसत्या क्रमावरून ‘रोगप्रतिकारक लेक्टिन’ म्हणणे आम्हाला मान्य नाही.

तपासायची रीत जुनीच आहे. व्ही आकाराच्या तळाचे खळगे असलेल्या पट्टीत नमुना दुप्पट-दुप्पट विरळ करत न्यायचा, २ टक्के तांबड्या पेशी घालायच्या, तासभर हलवायचे नाही. तळाशी घट्ट ठिपका म्हणजे नकार, पसरलेली जाळी म्हणजे होकार. शेजारच्या एका ओळीत ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन), दुसरीत संबंधित शर्करा घालून जाळी मोडते का, हे पाहायचे. रक्त ईडीटीएच्या नळीत घेतले की कॅल्शियम तिथेच अडकते. फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ते साक्याच्या रूपात खाली बसते. मग चांगले लेक्टिनही निकामी ठरते. म्हणून ट्रिस बफर घ्यायचा आणि त्यात ५ ते १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालायचे. ई. कोलाय या जिवाणूत बनवलेल्या प्रथिनाची गोष्ट आणखी नाजूक: प्रथिनाची घडी टिकवणारे डायसल्फाइड बंध चुकतात, प्रथिन स्वतःच गोळा होते आणि जिवाणूंना गोळा केल्याचा भास देते. सोबत राहिलेले एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातले विष, पेशींना चेतवते, श्रेय मात्र लेक्टिनला जाते.

‘रक्षक’ या समजुतीला सर्वांत मोठा धक्का चॅनल कॅटफिशने दिला. कॉलम्नॅरिस या माशांच्या जिवाणूजन्य रोगाला सहज बळी पडणाऱ्या माशांच्या कल्ल्यांत ऱ्हॅम्नोज ही शर्करा धरणारे लेक्टिन संसर्गानंतर जोरात वाढले. चिवट माशांत तसे झाले नाही. (हे लेक्टिन सी-टाइप नव्हे, त्याला कॅल्शियम लागत नाही.) आधी पाण्यात ऱ्हॅम्नोज किंवा गॅलॅक्टोज घातले, तेव्हा मासे रोगापासून बरेच वाचले. म्हणजे जिवाणूला कल्ल्यावर पाय रोवायला माशाचेच प्रथिन कामी येत असावे. उपाशी ठेवलेल्या माशांतही ते वाढते. आजारी मासा खाणे सोडतो, तेव्हा कल्ल्यातली वाढ संसर्गाची की उपासाची, हे कळायला जिवाणू न दिलेला, पण तितकेच दिवस उपाशी ठेवलेला गट शेजारच्या टाकीत असायलाच हवा.